यमुना सिस्टरच्या वहीतलं पान

यमुना सिस्टरना दोघांनी फसवलं. एक हॉस्पिटलचे व्यवस्थापक आणि दुसरा मी. मी शब्द देऊन फसवलं, त्यांनी कागद नाहीसा करून. माझ्या वाटणीचं मी इथे लिहितो आहे. त्यांच्या वाटणीचं त्यांनी लिहावं म्हणून वर्षभर त्यांच्या दाराशी जातो आहे, आणि वर्षभर ते मीटिंगमध्ये आहेत.

मी सातपूरला हॉस्पिटलच्या खाटा बनवतो. खाटा, लॉकर, सलाइनचे स्टँड. मनमाडहून वडिलांशी भांडून आलो, दुसऱ्याच्या शेडमध्ये वेल्डिंग शिकलो, मग स्वतःची शेड उभी केली. शाळा अर्धवट सुटली, घासाघीस हेच शिक्षण. समोरचा माणूस कुठे नमेल हे मला तो खुर्चीत कसा बसतो त्यावरून कळतं. यमुना सिस्टर कुठे नमतील हे कधी कळलं नाही, कारण त्या बसायच्याच नाहीत.

पहिली भेट मुलांच्या वॉर्डात झाली. सोळा लहान खाटांची ऑर्डर मला व्यवस्थापकांनी दिली होती. खाटा टेम्पोतून उतरवून मी हॉलमध्ये मांडून घेत होतो. मागून एक ठेंगणी, पन्नाशीला आलेली बाई आली. पांढरा गणवेश, हात कोपरापर्यंत उघडे, एकही बांगडी नाही. खिशातून तिने जखमेला बांधतात तसली बँडेजची पट्टी काढली. पट्टीला दोन गाठी. एक गाठ एका खाटेच्या कडेला धरली, दुसरी शेजारच्या खाटेकडे नेली. निम्म्या पट्टीतच ती खाट आली, बाकीची लोंबत राहिली.

"हे काय?" मी विचारलं.

"अंतर. एका पोराने खोकलं की थेंब इथवर उडतात. दुसऱ्या पोराचं तोंड या गाठीच्या पलीकडे पाहिजे."

"सोळा बसतात सिस्टर. मी मोजून आणल्यात."

"बसतात की. गोण्यापण बसतात."

मी म्हटलं, तुमचं राहू द्या, माझं राहू द्या, दोन फुटांवर मिटवू. त्या म्हणाल्या, "माझी हरकत नाही. खोकल्याला विचारून या. तो दोन फुटांवर थांबतो म्हणाला तर मीपण थांबते."

माझं डोकं फिरलं. ऑर्डर तुम्ही दिली नाही, व्यवस्थापकांनी दिली आहे, असं मी ओरडून सांगितलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. चार नंबरचं आत्ता कुठे झोपलंय." मी गप्प झालो. मी कोणाच्या सांगण्यावरून आवाज खाली आणलेला माझ्या कामगारांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. अकरा खाटा राहिल्या, पाच परत शेडमध्ये आल्या.

वर त्यांनी मला काम लावलं. प्रत्येक खाटेला उशाशी एक छोटा आकडा जोडून द्या म्हणाल्या. दम लागलेल्या पोरांना तोंडावर मास्क लावून वाफेतून औषध देतात. तो मास्क एकाचा काढून दुसऱ्याला लावायची बऱ्याच ठिकाणी सवय असते. एका ट्रेमध्ये सगळे मास्क पडलेले असतात. सिस्टरना ते नको होतं. ज्याचा मास्क त्याच्या आकड्याला, धुऊन, वाळवून, चिकटपट्टीवर नाव लिहून. मी अकरा आकडे जोडले. नऊ नंबरचा थोडा तिरका बसला, तर त्यांनी तो मला पुन्हा करायला लावला.

हॉस्पिटलच्या कागदावर त्यांचं पद मोठं होतं: संसर्ग नियंत्रण परिचारिका. वॉचमन त्यांना साबणबाई म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं. एकदा एका वॉचमनला त्या म्हणाल्या, "साबणबाई म्हण, पण साबण लाव." हात इतक्यांदा धुवायच्या की बोटांच्या पेरांवर भेगा पडलेल्या असायच्या. टेबलाच्या खणात खोबरेल तेलाची बारकी बाटली. कामाची पाळी संपली की घरी जाताना तेल चोळायच्या, पाळीत कधी नाही. हातात काही नाही म्हणून पोरांच्या आज्या त्यांना विधवा समजायच्या आणि हळहळायच्या. एकीने तर जवळ घेऊन विचारलं, किती वर्षं झाली गं? सिस्टर म्हणाल्या, "नवरा एसटीत कंडक्टर आहे, आत्ता सिन्नरच्या गाडीवर असेल. ठणठणीत आहे. बांगड्यांच्या फटीत घाण बसते म्हणून घालत नाही." त्या आजीने स्वतःच्या बांगड्यांकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही.

डॉक्टरांनाही सूट नव्हती. मोठे डॉक्टर राउंडला आले की सिस्टर काही बोलायच्या नाहीत, नुसता स्पिरिटचा बोळा पुढे धरायच्या. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना स्टेथोस्कोप पुसायचा. एकदा डॉक्टर घाईत होते, बोळा न घेता पुढे निघाले. सिस्टर बोळा तसाच धरून मागे चालत राहिल्या. तिसऱ्या खाटेपाशी डॉक्टर वळले. "यमुनाबाई, मी अठ्ठावीस वर्षं प्रॅक्टिस करतोय." "हो सर," त्या म्हणाल्या, "दोन नंबरचं पोर चार महिन्यांचं आहे." डॉक्टरांनी बोळा घेतला.

पोरांशी मात्र त्या लाडाने वागत. खोकला आला की तोंडावर हात न धरता कोपराच्या वळणात खोकायचं, हे मोठ्यांना शिकवून दमायला होतं. त्यांनी पाच वर्षांच्या एका मुलीला सांगितलं, तुझ्या कोपरात एक ससा राहतो, त्याला खोकला फार आवडतो. तीन दिवसांनी ती मुलगी आपल्या वडिलांना रागवत होती, "पप्पा, सशाला द्या ना."

माझी नात स्वरा सात महिन्यांची असताना त्याच वॉर्डात आली. छाती भरलेली, श्वास घेताना बरगड्यांमध्ये खड्डे पडायचे. आम्ही घरचे अकराजण तिच्यामागे गेलो. आमच्यात माणूस आजारी पडला की घरातलं कोणी मागे राहत नाही. राहिला तर वर्षभर ऐकावं लागतं. दारात सिस्टर.

"आई आत. बाकीच्यांतला एकच, आणि तोच रोज. उद्या मावशी, परवा आत्या असं चालायचं नाही."

"सिस्टर, मी शेवाळे. खाटावाला."

"ओळखलं ना शेठ. खाट तुमचीच आहे, आकडापण तुमचाच. आत येणारा एकच."

मी दोनवर या म्हटलं. मग दीडवर. दीड म्हणजे काय असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एकजण आत आणि एकजण दारातून बघेल. एवढ्यात माझी बायको शिंकली. सिस्टरनी तिच्याकडे पाहिलं.

"आजींना सर्दी आहे."

"साधी आहे हो," बायको म्हणाली.

"तुम्हाला साधी. तिच्या छातीतल्या नळ्या शेवयांएवढ्या आहेत, आजी. त्यात थेंबभर शेंबूड गेला तरी वाट बंद. तुमचं नाक गळेल, तिचा श्वास अडेल. रोग तोच."

बायको रडायला लागली. तिला निदान मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट तरी काढायची होती. मला वाटलं, आता या बाईचं व्याख्यान ऐकावं लागणार. पण त्या म्हणाल्या, "काढा की. दाराबाहेरून ओवाळा, मी पोरीला काचेपाशी आणते. दृष्ट काचेतूनपण निघते. फक्त इथे जाळू नका, धूर नको." आणि खरंच त्यांनी स्वराला ऑक्सिजनच्या नळीसकट उचलून काचेपाशी धरलं, बायकोचं सात वेळा ओवाळून होईपर्यंत. सहाव्या दिवशी स्वरा घरी आली.

एवढं सगळं मला माहीत होतं. माहीत नसताना चूक झाली असं मी म्हणू शकत नाही.

आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा जानेवारीत वाढदिवस असतो. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. वाढदिवसाला हॉस्पिटलात फळवाटप करायचं, फोटो काढायचे, हा आपल्याकडचा रिवाज. त्या वर्षी कार्यकर्त्यांनी ठरवलं की मुलांच्या वॉर्डात करू, फोटो चांगले येतात. माझ्या शेडसमोरच्या रस्त्याचं काम अण्णांच्या शब्दावर अडलेलं होतं. त्यांच्या माणसाने मला फोन केला, "शेठ, तुमची ओळख आहे ना तिथे?" मी व्यवस्थापकांकडे गेलो. त्यांना अण्णा हवेच होते, पण ते म्हणाले, "सिस्टर ऐकायच्या नाहीत. तुमचं ऐकतील. तुमच्या नातीला त्यांनीच सांभाळलं ना?"

म्हणून मी सिस्टरकडे गेलो. मी वीस माणसांपासून सुरुवात केली, त्यांनी शून्यापासून. वॉर्डात थंडीतली दम लागलेली पोरं भरलेली होती. काहींना येऊन आठवडा झाला होता, ती घरी जायच्या बेतात होती. सिस्टर म्हणाल्या, हीच वेळ वाईट, बरं होत आलेलं पोर पुन्हा पडलं तर उठत नाही. मी बोलत राहिलो. मी बोलत राहिलो की लोक थकतात, हे माझं भांडवल आहे. शेवटी त्या म्हणाल्या, पाच माणसं. हात धुऊन, मास्क लावून. सर्दी-खोकला असलेला एकही नको. पोराला हात लावायचा नाही. फळं बाहेरच्या टेबलावर. पाच मिनिटं.

"तुमचा शब्द?" त्यांनी विचारलं.

"माझा शब्द," मी म्हटलं.

त्या दिवशी आत बत्तीस माणसं गेली. आकडा सिस्टरनी मोजलेला आहे, माझा नाही. वॉचमनने दार अडवलं होतं, व्यवस्थापकांनीच त्याला "सोड" म्हटलं. कार्यकर्त्यांनी वर्गणी काढून एक पांढरं, कापडी, माणसाएवढं अस्वल आणलं होतं. एकच आणलं होतं. मग ते पहिल्या खाटेवर पोराच्या अंगाशी ठेवलं, अण्णांनी हात जोडून फोटो काढला, अस्वल उचललं, दुसऱ्या खाटेवर. असं अकरा खाटांवर. अस्वल उचलणाऱ्या कार्यकर्त्याचं नाक वाहत होतं; एका हातात रुमाल, दुसऱ्या हातात अस्वलाचा पंजा. पोरं अस्वलाला मिठी मारत होती. एकाने त्याचा कान तोंडात घातला, आणि तोच कान पुढच्या खाटेवर गेला.

सिस्टर सहा नंबरच्या खाटेपुढे हात पसरून उभ्या राहिल्या. व्यवस्थापकांनी त्यांचं कोपर धरून त्यांना बाजूला केलं. "सिस्टर, फोटोत येताय."

मी दारात होतो. मी अण्णांना म्हणालो, "आटपू या." एवढंच म्हणालो.

सगळे गेल्यावर सिस्टरनी ते अस्वल लांब चिमट्याने पिवळ्या पिशवीत कोंबलं. संसर्गाचा कचरा पिवळ्या पिशवीत जातो. सफाईच्या मावशींना घेऊन अकरा खाटांचे गज पुसले, चादरी बदलल्या. मग वॉर्डाची नोंदवही उघडली आणि उभ्यानेच लिहिलं. वही माझ्याकडे सरकवली. मला ते पान पाठ आहे: "आज दुपारी बारा दहा. परवानगी पाच. आत बत्तीस. एकाला उघड सर्दी. एकच खेळणं सर्व खाटांवर. मी नको म्हटलं. व्यवस्थापकांनी बाजूला केलं."

"सही करा. तुम्ही मध्ये होता."

"सिस्टर, एवढं कशाला? झालं ते झालं."

"मी भांडायला लिहीत नाही शेठ. चार दिवसांनी पोरं खोकायला लागली तर कुठून आलं ते कळलं पाहिजे. ते कळलं तर पुढचं थांबवता येतं."

मी सही केली. लवकर निघता यावं म्हणून केली.

पाचव्या दिवशी सहा पोरांना पुन्हा ताप आला. चौघांना ऑक्सिजन लागला. सिस्टरनी वॉर्डाचे दोन भाग केले, आजारी एका अंगाला, बाकीचे दुसऱ्या. इकडची नर्स तिकडे नाही, इकडची मावशी तिकडे नाही. चार दिवस नवीन पोरं घेऊ नका असं त्यांनी व्यवस्थापकांना सांगितलं. व्यवस्थापक म्हणाले, ऐन थंडी आहे, बेड रिकामे ठेवता येत नाहीत.

सात नंबरच्या खाटेवर मंगलचं बाळ होतं. मंगल सटाण्याकडची, शेतमजुरी करणारी, तेवीस-चोवीस वर्षांची. बाळ चार महिन्यांचं. न्यूमोनियाने आलं होतं, बरं झालं होतं, ज्या दिवशी ताप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी घरी जाणार होतं. मंगलने त्याची टोपी आणि दुपटं पिशवीत भरून ठेवलं होतं. सिस्टर कळवणकडच्या, त्यामुळे त्या मंगलशी तिच्या अहिराणीत बोलायच्या. बाकी हॉस्पिटलात तिच्याशी कोणी फार बोलत नसे.

नवव्या दिवशी सकाळी बाळ गेलं.

मी त्या दिवशी तिथे गेलो होतो, कारण मला घरी बसवेना. मंगल खाटेशेजारी फरशीवर बसली होती. ती रडत नव्हती. सिस्टरना एकसारखं विचारत होती, "घर जानं व्हतं ना आमले?" घरी जायचं होतं ना आम्हाला. सिस्टर तिच्याशेजारी फरशीवर बसल्या. त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. हात तिच्या पाठीवर ठेवला होता.

पुढचं व्यवस्थापकांनी फार हुशारीने केलं. मी धंदेवाला माणूस आहे, हुशारी ओळखतो.

त्यांनी मंगलला खोलीत बोलावलं आणि विचारलं, मागच्या आठवड्यात तुम्हाला सर्दी झाली होती का? ती खरं बोलणारी. म्हणाली, दोन दिवस नाक वाहत होतं. मग तुमच्याकडूनच गेलं, ते म्हणाले. तिच्या हातात जो कागद दिला त्यावर लिहिलं: संसर्ग बहुधा आईकडून.

आणि सिस्टरवर चौकशी लावली. आरोप काय, तर त्यांनी बेशिस्त गर्दी वॉर्डात येऊ दिली आणि त्यातून संसर्ग पसरला. पुरावा म्हणून अण्णांच्या वाढदिवसाचा फोटो. "फोटोत तुम्ही दिसताय. म्हणजे तुमच्या समोर झालं." फोटोच्या कडेला सिस्टर होत्याच, हात पसरलेल्या. हात कशासाठी पसरलेत ते फोटोत दिसत नाही. सिस्टर म्हणाल्या, नोंदवही आणा. वही आली. नवी कोरी वही, एकाच शाईत, एकाच अक्षरात. जुनी पाण्याने भिजली म्हणून उतरवून काढली असं सांगण्यात आलं. त्यात त्या दिवसाची नोंद होती: फळवाटप. कार्यक्रम व्यवस्थित पार पडला.

म्हणजे आईला सांगितलं की गर्दीतून काही आलं नाही, तुझ्याकडून आलं. आणि सिस्टरना सांगितलं की आईकडून काही आलं नाही, गर्दीतून आलं. एकाच मालाचे एका दिवसात दोन गिऱ्हाइकांना दोन भाव. मी असा व्यवहार केला असता तर सातपूरमध्ये मला कोणी उभं केलं नसतं.

मला चौकशीला कोणी बोलावलं नाही. बोलावलं नाही हे मला सोयीचं वाटलं, आणि मीही गेलो नाही. शेडसमोरचा रस्ता तेवढ्यात झाला. हे मला लिहावंच लागेल. सिस्टरना कामावरून कमी केल्याचं मला त्यांच्या वॉर्डातल्या मावशींनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "शेठ, आता आकड्यांना कोणी मास्क लावत नाही. सगळे ट्रेमध्येच असतात."

दोन महिन्यांनी मी म्हसरूळला सिस्टरच्या घरी गेलो. त्या नवऱ्याच्या शर्टाला बटण लावत होत्या. मला पाणी दिलं. मी तयारी करून गेलो होतो, चुकलं वगैरे म्हणायची. त्यांनी सुई थांबवली नाही.

"ते राहू द्या शेठ. मंगलला कोणी सांगितलं का?"

"काय?"

"की तिच्यामुळे झालं नाही."

मग त्यांनी सांगितलं. मंगलला तीन वर्षांची मोठी मुलगी आहे. बाळ गेल्यापासून मंगल तिला जवळ घेत नाही. दिवसभर तोंडाला फडकं बांधून असते. मुलगी आली की उठून दुसरीकडे जाते. पोरीला आजी भरवते, आजीच झोपवते. मंगलच्या नवऱ्याने सिस्टरना फोन करून हे सांगितलं होतं. तो म्हणाला, ती म्हणते माझ्या श्वासात विष आहे.

"तिला सर्दी झाली तेव्हा मीच तिला मास्क दिला होता," सिस्टर म्हणाल्या. "चार दिवस तिने तो झोपेतही काढला नाही. हात तर ती माझ्यापेक्षा जास्त धुवायची. अख्ख्या वॉर्डात मी शिकवलेलं शंभर टक्के कोणी केलं असेल तर तिने. आणि तिलाच सांगितलं की तू मारलंस."

"तुमच्या नोकरीचं काय?"

"नोकरीचं बघेन मी. ते पान मिळालं पाहिजे. ते तिच्यासाठी लिहिलेलं नव्हतं, पण आता ते तिचं आहे."

मी तिथेच बसून कागदावर सगळं लिहिलं. बत्तीस माणसं, अस्वल, वाहतं नाक, माझा शब्द, पान, माझी सही. खाली पुन्हा सही केली. सिस्टरनी वाचलं. एका ठिकाणी मी "काही लोक" लिहिलं होतं, ते खोडून "बत्तीस" लिहायला लावलं. मी म्हटलं, माझी गाडी घ्या, मी सोडतो सटाण्याला. त्या नको म्हणाल्या. "गाडीतून उतरले तर तिला वाटेल दवाखान्यानेच पाठवलं. मी एसटीने जाते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्टँडवर त्यांची वाट पाहत होतो. सटाण्याची गाडी आली. सिस्टर सगळ्यांत शेवटी उतरल्या. हातात कापडी पिशवी, जड.

"भेटली?"

"भेटली. लांब बसली, ओट्याच्या त्या टोकाला. फडकं बांधूनच. तुमचा कागद दोनदा वाचला तिने. मग विचारलं, हे शेठ डॉक्टर आहेत का?"

"मग?"

"म्हटलं, नाही, खाटा बनवतात." त्या थोड्या हसल्या, मग थांबल्या. "तिने आतून तो दवाखान्याचा कागद आणला. घडी करून करून फाटायला आलाय. मला दाखवला. म्हणाली, तुम्ही चांगल्या शेतस, म्हणीसन सांगतस. पन दवाखानाना कागदवर लिखेल शे."

मला अर्थ सांगायची गरज पडली नाही. तुम्ही चांगल्या आहात म्हणून असं सांगता, पण दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं आहे.

"पोरगी?" मी विचारलं.

"पोरगी दारात उभी होती. आई बोलत असताना दोन पावलं पुढे आली. आईने हात केला, थांब म्हणून. पोरगी थांबली. सवय झालीय तिला." सिस्टरनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "निघताना डाळिंबं दिली तिने. शेजारच्या मळ्यातून मागून आणली होती. म्हणाली, तुम्हीन मना पोऱ्यासाठी खूप करं. मला दिली, शेठ. मी तिच्यासमोर ती खाटांची रांग मोकळी सोडून बाजूला झाले, आणि मला डाळिंबं."

"तुम्हाला बाजूला केलं," मी म्हटलं.

"हो. तेच मी पानावर लिहिलं होतं."

त्यांनी माझ्याकडून रिक्षासुद्धा घेतली नाही. म्हसरूळच्या बसमध्ये गर्दी होती. त्या मागच्या दाराने चढल्या, पिशवी छातीशी धरून, कोणाच्या अंगाला लागू नये अशी. बस निघाली तेव्हा त्या दांडा धरून उभ्या होत्या, खिडकीकडे पाठ करून. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही. त्या आता पेठच्या बाजूला एका छोट्या दवाखान्यात आहेत असं कळतं.

व्यवस्थापक साहेब, हे तुम्ही वाचाल. मी भांडखोर आहे हे सातपूरला सगळ्यांना माहीत आहे, पण इथे मी भांडायला आलेलो नाही. तुमच्याकडे एक जुनी नोंदवही होती. त्यात बारा दहाची नोंद होती, आणि तिच्याखाली माझी सही होती. ती वही भिजली असेल तर भिजलेली दाखवा. फाडली असेल तर कोणी फाडली ते सांगा. माझ्या शब्दावर मंगलचा विश्वास नाही, सिस्टरच्या शब्दावरही नाही. फक्त तुमच्या शिक्क्यावर आहे. तो शिक्का घेऊन तुम्हाला सटाण्याला जावं लागेल, त्या ओट्यावर बसावं लागेल, आणि त्या बाईला सांगावं लागेल की तुमच्याकडून काही गेलं नाही, आम्ही दार उघडलं. माझ्या वाटणीचं उत्तर मी माझ्या नावाने दिलं आहे. त्या पोरीला तिच्या आईने अजून उचलून घेतलेलं नाही. याचं उत्तर तुम्ही कधी देणार आहात?